मागच्या चौघांचे सर

निपाणीच्या एकाच गल्लीत वाढलेली दोन पोरं बारावीनंतर दोन विद्यापीठांची होतात. एकानं अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात नाव घातलं की तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. दुसरा गावातल्या जी. आय. बागेवाडी कॉलेजात गेला की तो बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा. दोन्ही कॉलेजांमधलं अंतर सायकलवर टाकण्याएवढं, पण मधे राज्याची हद्द आहे. अर्जुननगर कागल तालुक्यात येतं आणि निपाणी बेळगाव जिल्ह्यात. त्यामुळे आंतरविद्यापीठ फुटबॉल स्पर्धा लागल्या की पहिला पश्चिम विभागात मुंबई, पुणे, गोव्याच्या पोरांशी खेळतो आणि दुसरा दक्षिण विभागात केरळ, तमिळनाडूच्या पोरांशी. परत आले की दोघं पुन्हा एकाच मैदानावर, एकाच बॉलमागं.

मी या दोन्हीकडच्या पोरांना बचाव शिकवत आलो आहे. माझी नेमणूक शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून झाली. त्यात कबड्डी, खो-खो, क्रॉस कंट्री, वार्षिक क्रीडा महोत्सव, योग दिन, जिमखान्याचं साहित्य खरेदीचं टिपण, सगळं आलं. फुटबॉल हा त्यातला एक खेळ, आणि फुटबॉलमधला बचाव हा माझा ध्यास. कॉलेजच्या कुठल्याही मंजूर पदांच्या यादीत बचावाचा प्रशिक्षक अशी जागा नसते. पण पोरं आपसांत मला ‘मागच्या चौघांचे सर’ म्हणतात, आणि माझ्या नावापुढं लागलेल्या पदव्यांपेक्षा मला हे नाव जास्त आवडतं.

हा मुलूख फुटबॉलवेडा आहे, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगावं लागेल. उत्तरेला कोल्हापूर. तिथं कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उभे राहिले: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठ विरुद्ध पेठ असा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भर उन्हात पाय ठेवायला जागा मिळत नाही. जवळच गडहिंग्लज. तिथल्या एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर दिवाळीत बाहेरच्या राज्यांचे संघ खेळायला येतात आणि माणसं फराळ आटोपून सामन्याला जातात. दक्षिणेला बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेलं लष्करी गाव, कॅम्पातल्या शाळांनी फुटबॉल जपलेलं. घाट उतरला की गोवा. या सगळ्यांच्या मधोमध, महामार्गाला लागून आमचं निपाणी आहे, तंबाखूच्या वखारींचं गाव.

एवढ्या वेडात कौतुक मात्र पुढं खेळणाऱ्याचं होतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला, तेव्हा आमच्याकडच्या घराघरांत टीव्ही लागले होते. मलाही त्याचा अभिमान वाटतो. त्यानंतर मैदानावर येणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं एकच वाक्य घेऊन यायला लागलं, “सर, मला फॉरवर्ड खेळायचंय.” मग उरलेल्यातून बॅक निवडायचे. पळायला जरा कमी, अंगानं दांडगा, बॉलवर हात बसलेला नाही, टाक त्याला मागं. ही रीत मला सोसत नाही. सगळ्यात जास्त शिकवावं लागतं ते या जागेवर, आणि आपण तिथं न शिकवता माणूस उभा करतो.

मी स्वतः स्टॉपर होतो, म्हणजे मधला बॅक. कोल्हापुरात शिकताना एका तालमीकडून खेळलो. तिथं बचाव शिकवला गेला तो मोठ्या खेळाडूंच्या ओरडण्यातून. “जा त्याच्यावर!” “मागं ये!” “कुठं बघतोयस?” का जायचं, कधी मागं यायचं, हे कुणी सांगत नसे. सांगणारा कुणी नेमलेलाच नव्हता. पुढं बी.पी.एड., एम.पी.एड. झालं, प्रशिक्षणाचे वर्ग केले, पुस्तकं वाचली, सामन्यांच्या चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या, तेव्हा त्या ओरडण्यामागचं गणित हाताला लागलं.

ते गणित मी पोरांना कासऱ्यानं शिकवतो. बैलाला बांधायचा साधा कासरा, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्याकडून आणलेला. चार बॅक एका रांगेत उभे करायचे, दोघांमध्ये साधारण आठ मीटर अंतर ठेवायचं आणि कासऱ्याचे तुकडे त्यांच्या कमरेला बांधायचे. मग मी बॉल घेऊन माझ्या डाव्या टच लाईनला जातो. आमचा उजवा बॅक माझ्यावर येतो. त्याच्या शेजारचा स्टॉपर त्याच्या मागं, थोडा आतल्या बाजूला सरकला पाहिजे, म्हणजे मी पहिल्याला चकवलं तरी दुसरा समोर असेल. तिसऱ्यानं दुसऱ्याची जागा घ्यायची. चौथा, म्हणजे पार पलीकडचा डावा बॅक, मैदानाच्या मध्याकडं आत यायचा. बॉल मी पलीकडं पाठवला की हे सगळं उलट्या दिशेनं.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ असतो. कासरा ताणतो आणि एक जण ओढला जाऊन आपटतो. कुठं दोघं इतके जवळ येतात की कासरा मातीत लोळतो. ताणला तर मधून बॉल जाणार, लोळला तर बाजूनं माणूस जाणार. हे मला तोंडानं सांगावं लागत नाही, कंबरेला कळतं. पोरं एकमेकांवर चिडतात, “लेका, सरक की!” आणि मला तेच हवं असतं. पंधरवड्यानं कासरा सोडतो. तो सुटला तरी चौघं बांधल्यासारखे सरकायला लागले की समजायचं, पहिला धडा झाला.

दुसरा धडा तोंडाचा. बचाव मुक्यानं होत नाही. बॉलवर गेलेल्या बॅकला पाठीमागचं दिसत नसतं. स्टॉपरनं त्याला सांगायचं असतं, मागं मी आहे, जा तू. किंवा थांब, मी अजून पोचलो नाही. आमचा एक स्टॉपर होता, जवळच्या खेड्यातला, वर्गात हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात “येस सर” म्हणणारा. उंच, शांत, खेळाची जाण उत्तम, पण आवाज नाही. त्याला मी गोलपोस्टजवळ उभा केला आणि स्वतः मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, महामार्गाच्या बाजूला जाऊन थांबलो. ट्रकांची घरघर चालू. तिथून मी हातानं खुणा करायच्या आणि त्यानं त्या पाहून ओरडून सांगायचं: “डावीकडं!” “वर चला!” “सोड, सोड!” मला ऐकू आलं नाही तर मी हलायचो नाही. रोज सरावानंतर हे चाले. एके दिवशी मैदानाशेजारच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली, कोण एवढं ओरडतंय म्हणून. त्या हंगामात आमच्या मागच्या फळीतला सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. पुढं त्याची आई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “सर, आता घरात पण बोलतंय की पोरगं.” प्रशिक्षक म्हणून मला मिळालेल्या शाब्बासक्यांमध्ये ही मी वरच्या जागी ठेवतो.

तिसरा धडा पायांचा आहे आणि त्यातलं पहिलं वाक्य नकाराचं: पाय घालू नको. समोरचा बॉल घेऊन आला की नवख्या बॅकचा पाय आपोआप पुढं जातो, आणि तो गेला की खेळ संपला. मी सांगतो, अंग तिरकं ठेव, गुडघे वाकव, हातभर अंतर ठेव, नजर बॉलवर. त्याच्या कंबरेच्या हिसक्यावर आणि खांद्याच्या झुलीवर जाऊ नको. त्याला टच लाईनकडं ने, तिथं रेष तुझ्या बाजूनं खेळते. बॉल त्याच्या पायापासून जरा लांब पडला, तेवढ्या क्षणी घे. नाही पडला, तर नुसता उशीर कर. तू दोन सेकंद खाल्लेस की आपले दोघं मागं येतात.

आमच्या मैदानांनीही यात शिकवलं आहे. टीव्हीवर खेळाडू हिरवळीवर घसरत जाऊन बॉल काढतो ते पोरांना फार आवडतं. आमच्याकडं मुरूम आणि लाल माती आहे. उन्हाळ्यात घसरलात तर गुडघ्याचं सालटं निघतं आणि जखम भरेपर्यंत सराव बंद. म्हणून आमच्याकडचा चांगला बॅक पायावर उभा राहून खेळतो. उत्तम बचाव करणाऱ्याची चड्डी स्वच्छ असते, हे मी पोरांना सांगतो तेव्हा ती हसतात. पण जो जमिनीवर पडला तो पुढच्या क्षणाला खेळाबाहेर असतो, हे त्यांना हळूहळू पटतं.

मग येतो ऑफसाईड. वर्षानुवर्षं सामने पाहणाऱ्यांनाही हा नियम नीट सांगता येत नाही, म्हणून इथं थोडं थांबतो. पुढच्या खेळाडूकडं पास निघतो त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, त्याच्यापुढं किंवा त्याच्या बरोबरीत समोरच्या संघाची किमान दोन माणसं हवीत, किंवा तो बॉलच्या मागं वा बरोबरीत हवा. त्या दोघांतला एक बहुधा गोलकीपर असतो, म्हणून हिशोब शेवटच्या बॅकचा धरतात. पूर्वी ही माणसं तीन लागत. १९२५ साली तिनाची दोन झाली आणि इंग्लंडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये एका हंगामात गोलांची संख्या १,१९२ वरून १,७०३ वर गेली. बचाव करणाऱ्यांची दाणादाण उडाली. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं मधल्या हाफला मागं खेचून दोन बॅकच्या मधे उभं करण्याची पद्धत रुळवली आणि तिथून आमच्या स्टॉपरची जागा पक्की झाली. १९९० पासून शेवटच्या बॅकच्या बरोबरीत असलेला फॉरवर्ड ऑफसाईड धरत नाहीत. १९९२ मध्ये बॅकनं पायानं मुद्दाम मागं दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घेण्यावर बंदी आली. प्रत्येक वेळी नियम पुढच्यांच्या सोयीचा झाला आणि प्रत्येक वेळी मागच्यांना शिकवणाऱ्याला नव्यानं विचार करावा लागला. फुटबॉलमधल्या कितीतरी चांगल्या कल्पना अशा अडचणीत सापडलेल्या मागच्या फळीतून निघाल्या आहेत.

पोरांना मी इटलीच्या आरिगो साकीची गोष्ट हमखास सांगतो. हा माणूस बुटांच्या व्यवसायातला, कधी व्यावसायिक खेळाडू नव्हता. १९८७ मध्ये एसी मिलानचा प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच हंगामात संघानं इटलीची लीग जिंकली. ३० सामन्यांत त्यांच्यावर फक्त १४ गोल झाले. पुढं १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन चषक. खुलित आणि फान बास्तेनसारख्या आघाडीच्या दिग्गजांना मांडणीचं महत्त्व पटवायला त्यानं सरावात एका बाजूला गोलकीपर आणि चार बॅक, म्हणजे पाच जण, उभे केले आणि समोर दहा जण सोडले. पाचांनी मांडणी धरून ठेवायची, दहांनी मनाला येईल तसा हल्ला करायचा. दहांना गोल करता आला नाही. आमच्या मैदानावर हा खेळ मी करून घेतो. आमच्या पाचांवर गोल होतात, कारण आमच्यात मिलानच्या बचावातला बारेसी नाही आणि माल्दिनी नाही. पण पोरांना वाटतं त्यापेक्षा खूप उशिरा होतात, आणि तो उशीर पाहून त्यांचे डोळे उघडतात.

आता या कामाच्या वाटेबद्दल, कारण बरेच जण ती विचारतात. आपल्याकडं कॉलेजात खेळाचा माणूस म्हणून कायम व्हायचं तर शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी आणि वर नेट किंवा सेट. महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात धावण्याची चाचणीसुद्धा आहे: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवारानं १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापायचं. तुम्ही किती पळता हे पाहतात. चार माणसांना एका रेषेत सरकायला शिकवता येतं का, हे कुणी पाहत नाही. जागा निघेपर्यंत महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि कर्नाटकात गेस्ट म्हणून वर्षं निघतात. मीही अशी वर्षं काढली आहेत. एका कॉलेजात मैदानावरचे तास हे तास म्हणून धरतच नसत, पैसे फक्त वर्गातल्या तासाचे. सकाळचा सराव हौशीत जमा.

प्रशिक्षणाची शिडी वेगळी आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका ही जुनी, मानाची वाट. फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची वाट डीपासून सुरू होते, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी परवाना काढलेली पोरं आता आमच्या भागातही भेटतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण परवाना सर्वसाधारण प्रशिक्षकाचा असतो. बचावाचं खास काम मोठे क्लब सहाय्यक प्रशिक्षकाकडं देतात, आणि त्या पायरीपर्यंत पोचणारी माणसं बहुतेक स्वतः बॅक खेळलेली असतात.

आपल्या जवळची दोन उदाहरणं गोव्यात आहेत. डेरिक परेरा साळगावकरचा आणि भारताचा बचावपटू. पुढं प्रशिक्षक झाला आणि २००५-०६ मध्ये त्यानं महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली. दुसरा महेश गवळी. ईस्ट बंगालनं २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब चषक जिंकला त्या संघात तो होता, नंतर कित्येक वर्षं धेंपोच्या आणि भारताच्या बचावाचा कणा. उंची बेताची, पण कुठं उभं राहायचं ते ठाऊक असलेला बॅक. निवृत्तीनंतर तो भारतीय संघाचा सहाय्यक प्रशिक्षक झाला. २०२३ च्या जून-जुलैमध्ये बंगळुरात सॅफ स्पर्धा होती. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्डामुळं बाहेर बसावं लागलं आणि उपांत्य व अंतिम सामन्यात रेषेवर उभा राहिला गवळी. लेबनॉनविरुद्ध गोल नाही, पेनल्टीवर विजय. कुवेतविरुद्ध चौदाव्या मिनिटाला गोल बसला, आपल्या छांगतेनं बरोबरी केली आणि त्यानंतर जादा वेळ संपेपर्यंत भारतानं दुसरा गोल होऊ दिला नाही. पेनल्टीवर पुन्हा विजय. तो सामना मी पोरांबरोबर पाहिला. सगळे गोलकीपर गुरप्रीतच्या शेवटच्या बचावावर नाचत होते, मीही नाचलो. पण त्याआधीची कितीतरी मिनिटं मी बॉल सोडून फक्त आपली मागची फळी पाहत होतो. कुवेतचा बॉल बाजूला गेला की चौघं कसे सरकतात, कोण कुणाला हातानं खुणावतो. पोरांनी विचारलं, सर, तुम्ही नक्की कुठं बघताय? मी त्यांनाही तिथंच बघायला लावलं.

बचावाच्या प्रशिक्षकाला सर्वांत मोठी जागा ज्या देशात आहे, तो मात्र वेगळा फुटबॉल खेळतो. अमेरिकेचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती बॉल, डोक्यावर शिरस्त्राण, हातात धरून पळणं. तिथं हल्ल्याचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. बॉल ज्याच्याकडं असेल त्यानुसार अख्खी फळी बदलते. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली बचावाचा स्वतंत्र प्रमुख असतो आणि त्याच्याखाली पुढच्या रांगेचा, मधल्यांचा, मागच्यांचा असे आणखी प्रशिक्षक. तरुण मुलगा शिकता शिकता सहाय्यक म्हणून लागतो, मग एका रांगेचा प्रशिक्षक, मग बचावाचा प्रमुख. बहुतेकांना दर दोन-चार वर्षांनी गाव बदलावं लागतं, बायका-पोरांसकट. वरच्या विद्यापीठांत या प्रमुखाला वर्षाला वीस लाख डॉलरच्या वर पगार मिळाल्याची उदाहरणं आहेत. १९९६ पासून उत्तम सहाय्यक प्रशिक्षकासाठी ब्रॉयल्स पुरस्कार नावाचा स्वतंत्र मानसुद्धा आहे.

त्यातला बड फॉस्टर हा माझ्या मनात बसलेला माणूस. मरी स्टेट विद्यापीठात तो फ्रँक बीमर यांच्या हाताखाली तयार झाला, १९८७ मध्ये त्यांच्याबरोबर व्हर्जिनिया टेकला गेला, १९९५ मध्ये बचावाची सूत्रं हाती आली आणि २०१९ चा हंगाम संपेपर्यंत त्यानं ती सोडली नाहीत. २००६ मध्ये त्याला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची न मिळताही आयुष्यभराचं काम एका जागी उभं राहू शकतं, हे त्यानं दाखवलं. त्याच्या काळात तिथं एक प्रथा पडली. कामगार कामावर नेतात तसला एक जुना, पोचे आलेला पत्र्याचा जेवणाचा डबा. बचावात ज्यानं कष्ट केले त्या खेळाडूकडं तो डबा जायचा, आणि सामन्याच्या दिवशी तो डबा संघाबरोबर मैदानात यायचा.

ही गोष्ट मी आमच्या पोरांना सांगितली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आया सकाळी डबा घेऊन तंबाखूच्या वखारीत जातात, काहींच्या घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. डबा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, “म्हणजे सर, तिकडं पण मागच्यांचं काम वखारीसारखंच.”

आम्ही डबा ठेवला नाही, वही ठेवली. दुखापतीमुळं बाहेर असलेला एक खेळाडू सामन्याच्या वेळी टच लाईनला बसून ती भरतो. गोलांची नोंद त्यात नाही, ती पंच करतात. आमच्या वहीत रकाने आहेत: बॉलवर पहिला कोण गेला, त्याच्या मागं कोण उभा होता, कुणी आवाज दिला, कुणाचा पाय उगीच पुढं गेला. पुढच्या सरावाआधी ती मोठ्यानं वाचली जाते. गोल मारणाऱ्याला टाळ्या आदल्या दिवशी मिळालेल्याच असतात. वही वाचताना मात्र उजवा बॅक कान टवकारून बसतो, कारण त्याचं नाव घेतलं जाण्याची ही एकच जागा.

कबड्डीशी ताडून पाहिलं की हे आणखी ध्यानात येतं. कबड्डीत पकड केली की फलकावर गुण चढतो. म्हणून प्रो कबड्डीच्या लिलावात २०२३ मध्ये पुणेरी पलटणनं पकडीत तरबेज असलेल्या इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाख रुपये मोजले, आणि त्या हंगामाचं विजेतेपदही पलटणलाच मिळालं. फुटबॉलमध्ये बचाव जितका चांगला, तितका फलक कोरा. कोऱ्या फलकाची किंमत ओळखायला शिकलेला डोळा लागतो, आणि तो डोळा तयार करणं हेही प्रशिक्षकाचंच काम आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक कॉलेजनं बचावासाठी वेगळा माणूस नेमावा एवढी ऐपत आपल्याकडं नाही, हे मला कळतं. पण निपाणी, गडहिंग्लज, कागल, चिकोडी अशा गावांत मिळून एक जाणता माणूस फिरता ठेवता येईल. दोन विद्यापीठांची हद्द त्याला आडवी येऊ नये. त्याच्या मैदानावरच्या तासांना तास म्हणावं आणि त्याचे पैसे द्यावेत. आठवड्यातून एक दिवस त्यानं एका गावच्या सगळ्या बॅकना आणि गोलकीपरना एकत्र घ्यावं, मग ते कुठल्याही कॉलेजचे, तालमीचे, शाळेचे असोत. मुलींचे संघ आता उभे राहताहेत, त्यांना तर सुरुवातीपासून नीट शिकवता येईल. वाईट सवय मोडण्यात वेळ जाणार नाही.

हे होईल असं मला वाटतं, कारण माणसं तयार व्हायला लागली आहेत. मघाशी सांगितलेला तो आवाज नसलेला स्टॉपर आता त्याच्या गावात शाळेच्या पोरांना सकाळी शिकवतो. डी परवाना काढला आहे, सीची तयारी चालू आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. विचारत होता, “सर, समोरच्या बॉलवाल्यावर आपलं कुणीच दाब टाकलेला नसेल, तर लाईन वर ठेवायची का मागं घ्यायची?” मी म्हटलं, मागं घे, आणि लगेच घे. ज्याला मान वर करून बघायला वेळ आहे तो मागच्या मोकळ्या जागेत बॉल टाकणारच. दाब बसला, त्याची मान खाली गेली, की वर ये. पण वर यायचा आवाज एकट्या स्टॉपरनं द्यायचा, चौघांनी नाही. तो म्हणाला, कासरा बांधून दाखवू का पोरांना? मी म्हटलं, यासाठी कासऱ्याचा उपयोग नाही, शिट्टी घे. बॉलवाल्याची मान खाली गेली की तू शिट्टी वाजव आणि पोरांना पाच पावलं वर येऊ दे. मान वर दिसली की पाच पावलं मागं. आठवडाभरानं शिट्टी खिशात ठेव आणि सगळ्यात गप्प पोरगं कोण आहे ते बघून त्याला स्टॉपरला उभा कर.